मोटारीची हिवाळी विश्रांती

वापरातली वस्तू झिजते, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु न वापरता ठेवून दिलेली वस्तूही झिजते, आणि पुष्कळदा ती अधिक वेगाने झिजते, ही गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमाराला मात्र ती पक्की ठाऊक असते. जून महिना लागला आणि मासेमारी थांबली की तो आपली होडी वाळूत तशीच टाकून घरी जात नाही. ती वर ओढून घेतो, धुतो, तिला तेल पाजतो, झावळ्यांनी शाकारतो आणि मगच पावसाकडे पाठ फिरवतो. दोन महिन्यांनी हीच होडी आपल्याला भर समुद्रात न्यायची आहे, याचा त्याला क्षणभरही विसर पडत नाही.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो याच जातीचा आहे. मात्र त्याचे स्थान दूरचे आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात नोव्हेंबरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत बर्फाचे राज्य असते. आपल्यापैकी कित्येकांची मुले-भाचरे आज त्या प्रांतात नांदत आहेत, तेव्हा तो मुलूख आपल्याला अगदीच परका राहिलेला नाही. तेथे रोजच्या कामाची मोटार हिवाळ्यातही धावते. पण हौसेने बाळगलेली, दोन आसनांची, बुटकी, उघड्या टपाची स्पोर्ट्‌स मोटार मात्र शरद ऋतू संपता संपता गॅरेजात जाते आणि वसंत ऋतूतच बाहेर येते. या पाच महिन्यांच्या विश्रांतीची तयारी कशी करतात, आणि ती न केल्यास काय होते, हे आपण पाहू.

प्रथम प्रश्न असा की, ही मोटार आत ठेवायचीच कशाला? थंडीने लोखंडाचे काय बिघडते? खरे पाहता शत्रू थंडी नव्हे. शत्रू आहे मीठ. जुन्या पद्धतीने घरी आइस्क्रीम करताना भांड्याभोवतीच्या बर्फात आपण मीठ घालतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. मिठामुळे पाणी शून्य अंशावर गोठत नाही, त्याहूनही खाली जाऊन गोठते. याच नियमाचा उपयोग करून त्या देशात रस्त्यांवर मीठ पसरतात, म्हणजे बर्फ वितळतो आणि चाके घसरत नाहीत. ओंटारिओतच, ह्यूरॉन सरोवराच्या काठी गॉडरिच नावाचे गाव आहे. तेथे १८६६ मध्ये खनिज तेलाच्या शोधात जमिनीला भोक पाडले असता तेलाऐवजी मीठ लागले. आज त्या सरोवराच्या तळाखाली, सुमारे ५५० मीटर खोल, जगातील सर्वांत मोठ्या भूमिगत खाणींत गणली जाणारी मिठाची खाण आहे.

जे मीठ माणसाचे प्राण वाचवते तेच मोटारीचे प्राण घेते. लोखंड गंजते ते पाणी आणि हवा यांच्या संगतीने. ही क्रिया विजेच्या अतिसूक्ष्म प्रवाहासारखी चालते, आणि खाऱ्या पाण्यातून वीज सुलभतेने वाहत असल्याने गंजाला जणू पंख फुटतात. चाकांनी उडवलेला तो खारा चिखल मोटारीच्या पोटाखाली, सांध्यांत आणि पोकळ्यांत जाऊन बसतो. वरून रंग लखलखीत दिसतो आणि आतून पत्रा कुरतडला जात असतो.

उदाहरणादाखल एकच मोटार डोळ्यांपुढे ठेवू. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात एम.जी.बी. नावाची मोटार तयार होत असे. एकंदर पाच लाखांहून अधिक मोटारी निघाल्या आणि त्यांपैकी पुष्कळ अटलांटिक ओलांडून उत्तर अमेरिकेत गेल्या. १९८० मध्ये तो कारखाना बंद झाला. म्हणजे आज ओंटारिओत जी एम.जी.बी. एखाद्या घरी असेल तिचे वय चाळिशीच्या पलीकडचे आहे. या मोटारीला वेगळी चौकट नाही. तिचा पत्र्याचा देह हाच तिचा सांगाडा. त्यातही वर छप्पर नसल्याने सर्व भार दारांखालच्या, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पोकळ पट्ट्यांवर येतो. या पट्ट्या आतून गंजल्या तर मोटार मध्येच वाकू लागते. जॅक लावून उचलली की दार नीट लागेनासे होते. जाणकार मेकॅनिक एवढ्यावरूनच रोग ओळखतो. अशा मोटारीला अपघात झाला तर आत बसलेल्याचे रक्षण करायला काही उरत नाही. तेव्हा हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, जिवाचाही आहे.

आता तयारीकडे वळू. पहिले काम धुण्याचे. वरचा रंग तर धुवायचाच, पण खरे धुणे पोटाखालचे. चाकांवरच्या कमानी, सांधे आणि दारांखालच्या पट्ट्या येथे साचलेला चिखल पाण्याच्या धारेने काढून टाकायचा. त्या पट्ट्यांना पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. ती चिखलाने बुजली की आत पाणी साचते. म्हणून ती एका तारेने मोकळी करायची. मग मोटार पूर्ण वाळू द्यायची आणि पोकळ्यांत गंजरोधक मेणाचा फवारा मारायचा. एक गोष्ट येथे मुद्दाम सांगावीशी वाटते. कित्येकांना वाटते की ऊबदार गॅरेजात मोटार अधिक सुखी राहील. पण अंगावर मीठ तसेच ठेवून मोटार उबेत ठेवली तर ती थंडीत असती त्याहून लवकर गंजते, कारण उष्णतेने ही क्रिया वेग घेते. जागा ऊबदार असण्यापेक्षा कोरडी असणे महत्त्वाचे.

दुसरे काम तेलाचे. एंजिनातील तेल उन्हाळाभर वापरले की त्यात जळणातून आलेली आम्ले आणि पाण्याचा अंश मिसळतो. हे तेल पाच महिने तसेच ठेवले तर ती आम्ले आतल्या गुळगुळीत धातूला डसत राहतात. म्हणून तेल आणि त्याची गाळणी वसंत ऋतूत नव्हे, तर ठेवण्यापूर्वी बदलायची. नवे तेल सर्व भागांत पोहोचावे यासाठी एंजिन थोडा वेळ चालवायचे आणि मगच बंद करायचे.

तिसरे काम पेट्रोलचे. पेट्रोलही शिळे होते. त्यातील हलका, चटकन पेटणारा अंश उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर राहतो. १९७४ पर्यंतच्या एम.जी.बी.ला दोन कार्ब्युरेटर असत. त्यांच्या वाटीतले पेट्रोल आटले की बारीक मार्ग या थराने बुजून जातात. शिवाय आज ओंटारिओत पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. ही ओल फार झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून विलग होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. नेमके तेथूनच तर एंजिन जळण ओढून घेते! यावर उपाय असा की टाकी जवळजवळ पूर्ण भरायची, म्हणजे वर दमट हवेला जागा राहत नाही. त्यात पेट्रोल टिकवणारे द्रव्य सांगितलेल्या प्रमाणात घालायचे. आणि एंजिन दहा मिनिटे उघड्यावर चालवायचे, म्हणजे ते मिश्रण कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते.

चौथे काम पाण्याचे. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते, आणि फुगणाऱ्या बर्फापुढे ओतीव लोखंडाचेही काही चालत नाही. एंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात एथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य निम्मे-निम्मे मिसळले तर ते उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. ऑटावासारख्या शहरात रात्रीचा पारा उणे २० अंशांच्या खाली उतरणे ही नवलाची गोष्ट नव्हे. तेव्हा हे प्रमाण अंदाजाने न ठेवता साध्या मापकाने तपासून घ्यायचे. हे द्रव्य चवीला गोडसर पण विषारी असते. ते जमिनीवर सांडले तर लगेच पुसून टाकायचे, कारण घरातील कुत्रे-मांजर आणि लहान मूल यांना त्याचा धोका आहे.

पाचवे काम बॅटरीचे. शिसे आणि आम्ल यांची ही बॅटरी गॅस्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शोधली, आणि तिचा स्वभाव अजून बदललेला नाही. ती रिकामी ठेवली की खराब होते. भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांनाही गोठत नाही. पण बॅटरी पुरती उतरली की आत जवळजवळ पाणीच उरते आणि ते उणे १० अंशांच्या आसपास गोठून बॅटरीचे कवच फोडू शकते. एम.जी.बी.त १९७४ पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे, पार खाली बसवलेल्या असत. पुष्कळांना त्या दोन आहेत हेच ठाऊक नसते, आणि एकच तपासली जाते. बॅटरी पूर्ण भरून घ्यायची, तिची जोडणी सोडवायची, आणि शक्य तर मंद गतीने विद्युत्भार देणारे, भरल्यावर आपोआप थांबणारे यंत्र तिला लावून ठेवायचे. जोडणी सोडवताना मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले टोक आधी काढायचे. आता १९६७ पर्यंतच्या एम.जी.बी.त सांगाड्याला धन टोक जोडलेले असे आणि त्यानंतरच्या मोटारींत ऋण. म्हणून खुणा पाहिल्यावाचून हात घालू नये.

सहावे काम चाकांचे आणि ब्रेकचे. हँडब्रेक ओढून मोटार पाच महिने ठेवली तर ब्रेकचे अस्तर धातूला चिकटून बसते. तो सैल सोडून चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. ब्रेकचे द्रव हवेतील ओल शोषते. दोन वर्षांहून जुने झाले असल्यास ते याच वेळी बदलावे. टायरवर एकाच जागी भार राहिला तर तेथे ते चपटे होतात. शिवाय तापमान सुमारे साडेपाच अंशांनी उतरले की टायरमधील दाब एका पौंडाने घटतो. हिशेब करा, म्हणजे ऑक्टोबरात बरोबर असलेला दाब जानेवारीत किती उरतो हे कळेल. म्हणून दाब नेहमीपेक्षा थोडा अधिक, पण टायरवर छापलेल्या मर्यादेच्या आत ठेवायचा.

सातवे काम उंदरांचे. थंडीत शेतातला उंदीर निवारा शोधत येतो, आणि मोटारीची धुराची नळी, हवेची गाळणी किंवा आसनातला काथ्या याहून सुरेख घरटे त्याला कोठे मिळणार? नळ्यांच्या तोंडांत पोलादी तारेचा बोळा बसवायचा. मात्र तो बसवल्याची चिठ्ठी लिहून ती सुकाणूच्या चाकाला बांधायची, नाही तर वसंत ऋतूत तोच बोळा एंजिनाचा गळा दाबील. शेवटी टप उघडा न ठेवता, घडी न करता वर चढवून लावायचा, म्हणजे त्याला सुरकुत्या पडून चिरा जात नाहीत. आणि मोटारीवर हवा खेळेल असे सुती आच्छादन घालायचे. प्लास्टिक घालू नये. त्याखाली ओल कोंडते आणि आपणच गंजाला पांघरूण घातल्यासारखे होते.

इतके सारे केले, तरी एका चुकीने त्यावर पाणी फिरते. ही चूक फार प्रेमाने केली जाते. मालकाला मोटारीची दया येते. आठ दिवसांनी तो गॅरेजात जातो, एंजिन सुरू करतो, पाच मिनिटे त्याचा आवाज ऐकतो आणि समाधानाने बंद करतो. त्याला वाटते, आपण तिला जागती ठेवली. वास्तविक पेट्रोल जळताना पाणी निर्माण होते. एंजिन पुरते तापले तर ते वाफ होऊन निघून जाते. पाच मिनिटांत मात्र ते तापत नाही, आणि ते पाणी तेलात अन् धुराच्या नळीत तसेच राहते. बॅटरीतून जेवढी शक्ती खर्चली तेवढीही परत येत नाही. म्हणजे दर आठवड्याला थोडे पाणी आत ओतून आणि थोडी बॅटरी उतरवून तो घरी परततो.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. बाहेर बर्फ पडत असतो, म्हणून गॅरेजाचे दार लावलेले असते. जळणाऱ्या पेट्रोलमधून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो बळकावतो. माणसाला डोकेदुखी, भोवळ, गुंगी येते आणि काय होत आहे हे कळण्याआधीच तो कोसळतो. गॅरेज घराला लागून असेल तर हा वायू दाराच्या फटीतून निजलेल्या मुलांपर्यंतही पोहोचतो. मोटार सुरू करायचीच असेल तर ती बाहेर काढून, अर्धा तास चांगली चालवून, एंजिन पुरते तापवून परत आणावी. तेवढे जमणार नसेल तर तिला निजू द्यावे. एकदा नीट तयारी केली असेल, तर पाच महिने न उठवणे हीच तिची खरी सेवा.

कायदाही आता ही विश्रांती मान्य करतो. जर्मनीत १९९७ पासून हंगामी क्रमांकपट्टी मिळते. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत मोटार रस्त्यावर आणता येईल, हे त्या पट्टीच्या कडेलाच छापलेले असते. ब्रिटनमध्ये १९९८ पासून, मोटार रस्त्यावर नाही असे सरकारला अधिकृतपणे कळवण्याची सोय आहे. ओंटारिओतील मालक विमा कंपनीला कळवून रस्त्यावरील अपघाताचा विमा तात्पुरता स्थगित करतो. पण आग आणि चोरी यांचा विमा चालू ठेवतो, कारण निजलेल्या मोटारीलाही आग लागू शकते.

वसंत ऋतूत तिला उठवणे हेही घाईचे काम नव्हे. पहिल्या पावसाने रस्त्यांवरचे मीठ धुऊन नेईपर्यंत थांबायचे. मग चिठ्ठी वाचून बोळे काढायचे, घरटी नाहीत ना हे पाहायचे, तेल, पाणी, ब्रेकचे द्रव, टायरमधील दाब तपासायचा, बॅटरी जोडायची. रस्त्यावर जाण्यापूर्वी अंगणातच ब्रेक दोन-चार वेळा दाबून पाहायचे. सुरू होणे ही दुय्यम गोष्ट आहे. थांबता येणे ही पहिली.

श्रोतेहो, आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण गोव्यात आणि वसईत अशी किती घरे आहेत, ज्यांचा कर्ता मुलगा बोटीवर किंवा आखाती देशांत आहे आणि त्याची मोटार सहा-सहा, आठ-आठ महिने छपरीत उभी आहे! जाताना तो हँडब्रेक ओढतो, वर प्लास्टिक घालतो, किल्ली शेजाऱ्याच्या हाती देतो आणि सांगतो, "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करा." म्हणजे ओंटारिओत जी चूक प्रेमाने होते तीच येथे विश्वासाने होते. आपल्याकडे रस्त्यावर मीठ नसले तरी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात ते आहे. थंडी नसली तरी चार महिन्यांची ओल आहे. उंदीर तर घरचेच आहेत, आणि त्यांना विजेच्या तारांचा लळा आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळणे २०२५ पर्यंत आपल्याकडेही सर्रास झाले आहे, तेव्हा ओल शोषण्याचा दोष येथेही लागू पडतो.

म्हणून निघण्यापूर्वीचा एक दिवस मोटारीसाठी राखून ठेवावा. तिचे पोट धुवावे, तेल बदलावे, टाकी भरावी, टायरमध्ये हवा भरावी, हँडब्रेक सोडून ठोकळे लावावेत, बॅटरी सोडवावी, सुती आच्छादन घालावे. एंजिनात नुसते पाणी न ठेवता गंजरोधक मिश्रण ठेवावे. येथे ते गोठण्यापासून नव्हे, गंजण्यापासून वाचवते. अलीकडच्या मोटारींत विजेची नाजूक साधने पुष्कळ असतात, तेव्हा बॅटरी सोडवण्यापूर्वी मोटारीबरोबर आलेली पुस्तिका वाचावी. आणि शेजाऱ्याला किल्ली द्यायचीच असेल तर एवढेच सांगावे की, वरचेवर फक्त टायर आणि उंदीर पाहा; एंजिनाला हात लावू नका.

गोव्यातील गृहिणी पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची खरेदी करते. मिरची, आमसुले, सुकी मासळी वाळवून, झाकून, उतरंडीत ठेवते. कोणती वस्तू कशाने नासते हे तिला माहीत असते, आणि ज्या वस्तूचा जसा शत्रू तसा ती बंदोबस्त करते. मोटारीलाही एवढेच हवे असते. तिला लाड नकोत आणि दयाही नको. ज्याने ती बंद केली त्याने तिचा विचार करून ती बंद केलेली असावी. मग पाच महिन्यांनी वा आठ महिन्यांनी मालक परतला, किल्ली फिरवली, तर ती त्याला रस्त्यावर दगा देणार नाही.